परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजी वाचनवर्ग: कोणते शब्द शिकवायचे, कोणते सोडून द्यायचे

इंग्रजी वाचनाच्या तासाला शिक्षकाला करावे लागणारे सर्वांत अवघड काम कोणते, असे मला कोणी विचारले तर ‘शब्द सोडून देणे’ असे मी उत्तर देईन. उताऱ्यात अडलेला प्रत्येक शब्द फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगणे सोपे असते; विद्यार्थ्यांनाही ते आवडते, वह्या भरतात आणि तास सत्कारणी लागला असे सगळ्यांना वाटते. परंतु जो विद्यार्थी परदेशातून आला आहे आणि काही महिन्यांतच पदवीच्या वर्गात जाऊन बसणार आहे, त्याच्या हाती वेळ फार थोडा असतो. इंग्रजीतील कोणत्या शब्दांवर कष्ट घ्यावेत हे त्याला स्वतःला ठरवता येत नाही, कारण कोणता शब्द पुन्हा भेटणार आहे आणि कोणता बहुधा कधीच भेटणार नाही, हे त्याला ठाऊक नसते. ही निवड शिक्षकानेच करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मी पुण्यात अशा विद्यार्थ्यांना वाचन आणि शब्दसंग्रह हा विषय शिकवते. पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही संस्था सुरू केली, तीच मुळी परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना या शहरात आधार मिळावा या हेतूने. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर अनेक जण इथे येतात, तर अनेक जण घरच्या पैशावर येतात. माझ्या वर्गात अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराण, थायलंड अशा देशांतील मुले-मुली एका बाकावर बसतात. कोणाला वाणिज्य शाखेत जायचे असते, कोणाला संगणकशास्त्रात, कोणाला कायद्याकडे. त्यांची इंग्रजी बोलण्याची उमेद मोठी असते आणि बाजारहाट, रिक्षा, घरमालक यांच्यापुरती इंग्रजी ते लवकर आत्मसात करतात. अडते ते पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर.

तिथे नेमके काय अडते, हे समजण्यासाठी एका जुन्या प्रयोगशील माणसाची आठवण काढणे मला आवश्यक वाटते. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये, मुख्यतः ढाक्याला, शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते. शाळेत काही वर्षे इंग्रजी शिकून मध्येच शिक्षण सोडणाऱ्या बंगाली मुलांच्या हाती शेवटी काय उरते, हा प्रश्न त्यांनी विचारला. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तरी तिचे काही मूल्य विमेदाराला परत मिळते. तसे इंग्रजीच्या शिक्षणाचे प्रत्येक टप्प्यावर काही मूल्य असले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, हे त्यांनी ओळखले आणि वाचनाची पुस्तके नव्या रीतीने तयार केली. त्या पुस्तकांत दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले, नवे शब्द एकाच पानावर गर्दीने न आणता विरळ पेरले आणि एकदा आलेला शब्द पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा येईल याची काळजी घेतली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी ती वापरली. आपल्याच उपखंडातल्या वर्गखोल्यांमधून निघालेले हे काम आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. महाराष्ट्रात त्याआधीपासून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकत होत्या. तिचा मार्ग वाक्यावाक्याच्या भाषांतराचा होता आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांची मातृभाषा एकच असली तरच तो चालतो. ज्या वर्गात अरबी, दरी (अफगाणिस्तानातील फारसी), इराणी फारसी आणि थाई या भाषा एकत्र बसल्या आहेत आणि शिक्षिकेला त्यांपैकी एकही नीट येत नाही, तिथे वेस्ट यांचा मार्गच उपयोगी पडतो.

ही २००० शब्दांची शिदोरी असली की साध्या मजकुराचा मोठा भाग वाचता येतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे ती कमीअधिक असते. परंतु विद्यापीठातील मजकुरात शब्दांचा आणखी एक थर असतो आणि तो बोलण्यात फारसा येत नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चार शाखांमधील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला. वेस्ट यांच्या यादीतले शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि चारही शाखांमध्ये वारंवार येणारे शब्द शोधले. त्यातून ५७० शब्दकुलांची यादी तयार झाली आणि ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. शब्दकुल म्हणजे ‘ॲनलाइझ’, ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालिस्ट’, ‘ॲनालिटिकल’ असा एकाच घरातला परिवार. ही ५७० कुले शैक्षणिक मजकुरातील साधारण १० टक्के शब्द व्यापतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे कितीही कादंबऱ्या वाचल्या, कितीही मालिका पाहिल्या, तरी हा थर आपोआप हाती येण्याची शक्यता कमी असते. त्यासाठी तशाच प्रकारचा मजकूर वाचावा लागतो आणि त्यातल्या शब्दांकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. माझ्या वर्गाचा कणा मी या थराला मानते.

एका उताऱ्याचे उदाहरण देते, म्हणजे निवड कशी होते ते स्पष्ट होईल. शहरांना लागणारे पाणी आणि भूजलाचा उपसा यांवरचा सुमारे दीड पानाचा उतारा मी बहुतेक तुकड्यांना वाचायला देते. पुण्यात राहणाऱ्याला हा विषय परका राहत नाही. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात उभे राहणारे टँकर या मुलांनी पाहिलेले असतात, आणि येमेनमधून आलेल्यांना तर पाण्याची टंचाई आमच्यापेक्षा जास्त कळते. उताऱ्यात ‘ॲक्विफर’ (पाणी धरून ठेवणारा भूस्तर), ‘परकोलेशन’ (पाणी जमिनीत झिरपणे) असे शब्द येतात. विद्यार्थ्यांची बोटे सर्वांत आधी त्यांच्याकडेच जातात, कारण ते लांब आणि अनोळखी दिसतात. मी त्यांचा अर्थ समासात एका ओळीत लिहून देते आणि पुढे जाते. वाणिज्य शाखेत जाणाऱ्या मुलीला ‘ॲक्विफर’ पुन्हा भेटेल असे मला वाटत नाही, आणि भूशास्त्राकडे जाणाऱ्याला तो विषय शिकवणारे प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगला समजावतील. त्याच उताऱ्यात ‘अव्हेलेबल’, ‘सोर्स’, ‘रिक्वायर’, ‘सिग्निफिकंट’, ‘एस्टिमेट’, ‘व्हेरी’ (vary, म्हणजे वेगवेगळे असणे) हे शब्द असतात. दिसायला ते गरीब आहेत; अनेकांना ते येतात असेही वाटते. पण अर्थशास्त्रापासून संगणकशास्त्रापर्यंत प्रत्येक पुस्तकात ते पानोपानी येणार आहेत, म्हणून तासाचा वेळ मी त्यांना देते.

त्या उताऱ्यात ‘एस्टिमेट्स व्हेरी’ असे दोनच शब्दांचे एक वाक्य आहे, आणि त्यावर माझा बराच वेळ जातो. पहिल्या वाचनात विद्यार्थी त्याच्यावरून नजर फिरवून निघून जातात. त्याचा आशय विचारला की कोणी म्हणते, अंदाज बदलतात. कोणी म्हणते, किंमत बदलते. लेखकाला सांगायचे आहे ते असे, की निरनिराळ्या लोकांनी केलेले अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पुढे मी जो आकडा देणार आहे तो जपून वाचा. म्हणजे हे वाक्य पाण्याबद्दल नसून पुढच्या आकड्यांच्या विश्वासार्हतेबद्दल आहे. शैक्षणिक लेखनात लेखक असा सतत वाचकाला सावध करत असतो: ‘टेंड टू’, ‘अपिअर टू’, ‘लार्जली’, ‘इन मेनी केसेस’ अशा लहान शब्दांनी तो आपल्या विधानाला मर्यादा घालतो. हे शब्द निसटले तर विद्यार्थी ‘काही शहरांत असे दिसते’ या विधानाचे ‘सगळीकडे असेच असते’ असे विधान करून टाकतो आणि परीक्षेत तसेच लिहितो. त्याला विषय समजला नाही असे प्राध्यापकांना वाटते; प्रत्यक्षात त्याच्या नजरेतून एक क्रियाविशेषण सुटलेले असते.

आणखी एक अडचण मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वाचन पुष्कळदा अनोळखी शब्दापाशी न अडता ‘धिस’ आणि ‘सच’ यांच्यापाशी अडते. पहिल्या परिच्छेदात विंधनविहिरींची संख्या वाढल्याचे सांगितलेले असते आणि दुसरा परिच्छेद ‘धिस ट्रेंड’ या शब्दांनी सुरू होतो. कोणता कल? मागच्या चार वाक्यांचे गाठोडे लेखकाने एका नामात बांधले आहे, हे ज्याला दिसत नाही त्याला दुसरा परिच्छेद नव्याच विषयावरचा वाटतो. ‘ॲप्रोच’, ‘इश्यू’, ‘फॅक्टर’, ‘प्रोसेस’, ‘कॉन्सेप्ट’ ही नामे याच कामाची आहेत. त्यांना स्वतःचा ठोस अर्थ थोडाच असतो. मागे जे आले ते उचलून पुढे नेणे हे त्यांचे काम. म्हणून शब्दकोशात त्यांचा अर्थ पाहून फारसा उपयोग होत नाही. मी विद्यार्थ्यांना पेन्सिल घ्यायला सांगते आणि अशा प्रत्येक नामापासून मागे, ते ज्याबद्दल बोलते आहे त्या वाक्यापर्यंत, बाण काढायला लावते. सुरुवातीला बाण चुकीच्या वाक्यावर जातात, त्यावरून वर्गात वाद होतात, आणि तो वाद मी मुद्दाम लवकर मिटवत नाही. आपला बाण बरोबर का आहे हे सुदानच्या मुलाने थायलंडच्या मुलीला इंग्रजीत पटवून देणे, यासारखा आकलनाचा सराव मला दुसरा माहीत नाही.

ओळखीचे वाटणारे शब्द अनोळखी शब्दांपेक्षा अधिक फसवतात. अनोळखी शब्दापाशी वाचक निदान थांबतो. ‘टेबल’ म्हणजे जेवणाचे मेज आणि ‘फिगर’ म्हणजे शरीराचा बांधा हे ज्याला ठाऊक आहे, तो सांख्यिकीच्या पुस्तकात न थांबता पुढे जातो आणि गोंधळतो. ‘अकाउंट फॉर’ पाहून वाणिज्यच्या विद्यार्थ्याला बँक खाते आठवते. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ इतकेच शिकलेल्याला ‘कारण’ या अर्थाचा ‘सिन्स’ वाक्याचा अर्थच फिरवून देतो. बाट्या लाउफर या संशोधिकेने अशा शब्दांचा अभ्यास करून त्यांच्या फसव्या पारदर्शकतेकडे लक्ष वेधले. ‘शॉर्टकमिंग’ म्हणजे उणीव; त्याचे दोन तुकडे पाडून ‘अल्पकाळासाठी येणे’ असा अर्थ लावणे, हा त्यातलाच एक प्रकार. यावर उपाय एकच आहे: आपण लावलेला अर्थ त्या वाक्यात बसतो का, हे तपासण्याची सवय लागणे. उताऱ्यातील कोणताही सोपा शब्द निवडून ‘इथे याचा अर्थ काय?’ असे मी सतत विचारते. कठीण शब्द विचारतील म्हणून सावध बसलेल्या विद्यार्थ्यांना ‘फेअर’, ‘साउंड’, ‘स्टेट’, ‘मीन्स’ असे शब्द विचारले की ते पुन्हा पानाकडे वळतात, आणि मला तेच हवे असते.

प्रत्येक विद्यार्थी आपल्या मातृभाषेची वाचनपद्धती घेऊन येतो, हेही शिक्षकाला माहीत असले पाहिजे. अरबीच्या रोजच्या लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, आणि अरबी शब्दाचा गाभा बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूत असतो. वाचकाची नजर व्यंजनांचा सांगाडा पकडते आणि स्वर संदर्भावरून भरते. ही अत्यंत कुशल वाचनपद्धती आहे, पण इंग्रजीत ती ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’ यांची अदलाबदल करते, आणि सी, आर, एस ही समान व्यंजने असलेले ‘कोर्स’, ‘कर्स’ व ‘क्रूझ’ एकमेकांच्या जागी वाचले जातात. ॲन रायन आणि पॉल मीरा यांनी १९९१ मध्ये अरबी भाषकांच्या इंग्रजी वाचनातील या अदृश्य स्वरांवर लेख लिहिला होता. तो वाचल्यावर येमेनी आणि सुदानी विद्यार्थ्यांच्या चुका मला निष्काळजीपणाच्या वाटेनाशा झाल्या. त्यांच्यासाठी मी नवा शब्द लिहिताना स्वर वेगळ्या रंगाने लिहिते आणि समान सांगाड्याचे शब्द एकाच दिवशी शिकवत नाही. थाई लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नाही, त्यामुळे ओळीतून शब्द वेगळे काढण्याचे कौशल्य थाई विद्यार्थ्यांकडे भरपूर असते. परंतु थाई क्रियापदाची रूपे काळानुसार बदलत नाहीत, म्हणून इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीकडे त्यांचे लक्ष जात नाही आणि घडून गेलेले व घडणारे यांतला फरक वाचताना हरवतो.

दरी आणि फारसी बोलणाऱ्यांचा पुण्यात वेगळाच अनुभव असतो. ‘दुकान’, ‘बाजार’, ‘दरवाजा’, ‘जमीन’ हे शब्द मराठीत ऐकून ते चकित होतात. ‘दफ्तर’ त्यांच्याकडे वही किंवा कार्यालय, तर आमच्या शाळकरी मुलाचे ‘दप्तर’ पाठीवर असते, हे कळल्यावर त्यांना एक गोष्ट नीट समजते: शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थ तसाच राहील याची खात्री नसते. कोरियन भाषेत ‘कनिंग’ (धूर्त) या इंग्रजी शब्दावरून आलेला शब्द परीक्षेतील कॉपीसाठी वापरतात, हे सांगितले की तो मुद्दा अधिकच ठसतो. मग ते स्वतःच आपापल्या भाषेतले असे उसने शब्द शोधून आणतात आणि इंग्रजीतील त्यांचा अर्थ तपासून पाहतात.

आतापर्यंत जे सांगितले ते सावकाश, थांबून थांबून करायचे वाचन झाले. त्याच्याबरोबरीने दुसरे एक वाचन चालू असावे लागते, आणि ते सोपे असावे लागते. किती सोपे, याचे उत्तर संशोधनात आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कथेतील काही शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घालून ती वेगवेगळ्या गटांना वाचायला दिली होती. केवळ ८० टक्के शब्द ओळखीचे असलेल्या गटात एकालाही कथा पुरेशी समजली नाही. ९५ टक्के असतानाही बहुतेकांना समजली नाही. मदतीशिवाय समजण्यासाठी साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर जास्तीत जास्त सहा शब्द अनोळखी. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ असा सल्ला आपण सगळे शिक्षक सहज देतो. पण संदर्भच जर अनोळखी शब्दांचा असेल तर विद्यार्थ्याने ओळखायचे कशावरून? माझ्या मते इंग्रजीच्या वर्गात दिलेल्या सल्ल्यांपैकी सर्वांत जास्त गैरवापर याच सल्ल्याचा झाला आहे.

म्हणून मी वर्गात टप्प्याटप्प्यांची, मर्यादित शब्दांत लिहिलेली पुस्तके ठेवते. काही आप्पा बळवंत चौकातून घेतलेली आहेत, काही जुन्या विद्यार्थ्यांनी जाताना ठेवून दिलेली. विशी ओलांडलेल्या, आपल्या देशात पदवी घेतलेल्या तरुणाला सत्तर पानांचे, मोठ्या अक्षरांतले पुस्तक हाती दिले की त्याचा चेहरा उतरतो. त्याला वाटते, मला लहान मूल समजले जाते आहे. त्याच्या या भावनेचा मान राखून मी पुस्तके निवडते: शोधांच्या कथा, चरित्रे, प्रवासवर्णने, शहरांचा इतिहास, परीकथा शक्यतो नाहीत. पण पुस्तक सोपेच असेल, याबाबत मी माघार घेत नाही. आठवड्यातील ठरावीक तासांत वर्गात शांतपणे वाचायचे, शब्दकोश मिटून ठेवायचा, पुस्तक आवडले नाही तर बदलायचे आणि वाचून झाल्यावर कोणतेही प्रश्नोत्तर नाही, असा नियम आहे. त्या वेळी मीही त्यांच्यासमोर बसून माझे पुस्तक वाचते. ज्याच्या घरी अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज वाचनाची रीत नव्हती, अशा विद्यार्थ्याला मोठ्या माणसाने स्वस्थ बसून वाचताना पाहणे हेसुद्धा एक शिक्षण आहे, असे मला मनापासून वाटते. दोन-तीन पुस्तके संपली की वाचनाचा वेग वाढतो, ओठ हलवत वाचणे कमी होते, आणि सावकाश वाचनाच्या तासाला भेटलेला ‘रिक्वायर’ किंवा ‘इन्व्हॉल्व्ह’ इथे सहजपणे समोर येतो. शब्द पक्का होण्यासाठी तो किती वेळा भेटावा लागतो याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एकदोन भेटी पुरत नाहीत, एवढे मात्र सगळेच सांगतात.

शब्दांच्या नोंदीविषयी मी थोडी आग्रही आहे. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे अरबी किंवा फारसी अर्थ अशी दोन रकान्यांची वही बहुतेकांकडे असते. मातृभाषेतला अर्थ लिहायला माझी हरकत नाही. शब्दाशी पहिली ओळख व्हायला तोच सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि ‘वर्गात फक्त इंग्रजी’ हा कडवा नियम मला विद्यार्थ्यांच्या भाषांचा अवमान करणारा वाटतो. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि त्याच्या शेजारी नेहमी येणारे शब्द लिहावेच लागतात. ‘कंडक्ट’ एकटा लिहिला तर तो बसच्या कंडक्टरपाशीच राहतो. ‘कंडक्ट अ सर्व्हे’ असा लिहिला तर तो अहवालात वापरता येतो. ही नोंद छोट्या कार्डांवर करून वाढत्या अंतराने पाहायची, ही पद्धत सेबास्तियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाबद्दल मांडलेली निरीक्षणे आहेत. आता हे काम फोनवरही होते. मात्र कार्ड विद्यार्थ्याने स्वतः, आपण वाचलेल्या वाक्यावरून बनवलेले असावे. इतर कोणी तयार केलेल्या हजारो कार्डांच्या गठ्ठ्यात त्याच्या वाचनाची आठवण नसते.

शब्दकोशाबद्दलही थोडे सांगायला हवे. फोनवरच्या भाषांतराला माझ्या वर्गात बंदी नाही, पण अभ्यासासाठी मी इंग्रजी शिकणाऱ्यांचा इंग्रजी-इंग्रजी कोश वापरायला लावते. असा कोश आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. त्याचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना घातला आणि त्यांचा कोश १९४२ मध्ये आधी तिथेच प्रसिद्ध झाला. शब्दाचा अर्थ सांगताना तो कोणत्या रचनेत वापरायचा हेही सांगितले पाहिजे, हे जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणींवरून त्यांनी ओळखले होते. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या कोशात अर्थ पूर्ण वाक्यात सांगण्याची पद्धत आली, आणि माझ्या विद्यार्थ्यांना तीच सर्वांत जवळची वाटते. कोशातील पहिला अर्थ उचलून पुढे जाण्याची घाई मोडावी लागते. त्यासाठी मी एकच शब्द असलेली तीन वाक्ये देऊन प्रत्येकासाठी कोशातील अर्थाचा क्रमांक लिहायला सांगते.

राहता राहिली परीक्षा. ‘पुढील शब्दांचे अर्थ लिहा’ असा प्रश्न असेल तर विद्यार्थी यादी पाठ करणारच, आणि मग वर्गात बाण काढून, वाद घालून केलेले सगळे काम त्याला वायफळ वाटणार. म्हणून माझ्या हाती आहे तोवर मी तसा प्रश्न घालत नाही. मी न वाचलेला उतारा देते, त्यातील अनावश्यक कठीण शब्दांचे अर्थ समासात छापते आणि मग विचारते: या परिच्छेदातील ‘धिस’ कशाबद्दल आहे, लेखकाला या विधानाची किती खात्री आहे आणि ते कोणत्या शब्दावरून कळते, अधोरेखित शब्दाचा कोशातील कोणता अर्थ इथे लागू आहे. अशा उत्तरपत्रिका तपासायला दुप्पट वेळ लागतो, कारण एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे येऊ शकतात. शिवाय वाणिज्य आणि विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून त्यांच्या पहिल्या सत्राच्या पुस्तकातील काही पाने मी दर वर्षी मागून घेते आणि कोणते शब्द समासात ढकलायचे व कोणते उताऱ्यात ठेवून शिकवायचे, हे त्या पानांवरून ठरवते. यंदा कायदा शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी करार कायद्याची पाने दिली आहेत; त्यांत ‘कन्सिडरेशन’ हा शब्द कराराच्या मोबदल्यासाठी येतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांना तो फक्त ‘विचार’ या अर्थाने ठाऊक आहे. तो समासात जाणार नाही.